खाडे सरांची सुसर

खाडे सर सातवीला शास्त्र शिकवायचे आणि त्याच वेळी पलीकडे माझा मराठीचा तास असायचा. मधे भिंत कसली, नुसता बांबूचा तट्ट्या. त्यामुळं माझ्या पोरांना माझी कविता कमी आणि सरांची सुसर जास्त पाठ. एकदा तिकडं अचानक सगळं गप झालं. सातवीचा वर्ग गप होणं ही काही चांगली खूण नव्हे, म्हणून मी दारातून डोकावले. बघते तर सर टेबलावर पालथे झोपलेले. हनुवटी टेबलाला टेकलेली, हात अंगाशी चिकटवलेले, आणि सगळी पोरं चिमटीत नाक धरून बसलेली.

मला बघून माणसानं निदान उठावं की नाही? सर तसेच पडून मला म्हणाले, बघा माने बाई, नाकपुड्या आणि डोळे, एवढंच पाण्याच्या वर राहतं. बाकी सगळं धूड खाली. समोरच्याला वाटतं ओंडका तरंगतोय. मी म्हटलं, सर, हेडमास्तर व्हरांड्यात आलेत. तेव्हा कुठं उठले, शर्टाला लागलेला खडू झटकला आणि फळ्याकडं वळून लिहायला लागले. लाज नाही, शरम नाही.

सर माणदेशातले, म्हसवडच्या पलीकडचे. त्यांच्याकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघायचं. असा माणूस आमच्या कृष्णाकाठच्या गावात नोकरीला आला आणि पाण्यावर भाळला. पोहायला मात्र शेवटपर्यंत आलं नाही. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या गावात पोहता न येणारा पुरुष म्हणजे चेष्टेचा विषय. सर घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरले नाहीत. तिथंच तांब्यानं अंघोळ करायचे आणि शेजारी त्यांचेच विद्यार्थी घाटावरून धाडधाड उड्या मारायचे. कुणी चिडवलं तर सर म्हणायचे, तुम्हाला पोहता येतं म्हणून पाण्यात जगायला काय काय लागतं याचा तुम्ही विचारच करत नाही. मी करतो.

आणि खरंच करायचे. त्यांचा एक आवडता शब्द होता, 'सोय'. सुसरीच्या डोळ्याला तिसरी पापणी असते, आरपार दिसणारी, पाण्यात बुडी मारली की ती आडवी सरकते, ही सोय. कानावर झाकण असतं, ती सोय. नाकपुड्या आपोआप मिटतात, ती सोय. पोहताना पाय अंगाशी घेते आणि सगळं काम शेपटीवर सोडते, ती तर फारच मोठी सोय. हा शब्द मग त्यांच्या तोंडात असा बसला की एसटीतली घंटीची दोरी, माझ्या छत्रीचा वाकडा दांडा, हेडमास्तरांचं टक्कल, सगळ्यालाच सर सोय म्हणायला लागले. त्यांच्या बायको, सोनावहिनी, एकदा चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आमच्या घरात समद्यांची सोय हाय बाई, तेवढी माझीच न्हाई." सर हसले. वहिनीही हसल्या. तेव्हा ती दोघं एकमेकांच्या बोलण्यावर हसायची.

शास्त्राच्या पुस्तकात त्या धड्याला चित्र होतं ते अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरचं. सरांना त्याचा भारी राग. म्हणायचे, हा पाहुणा आहे, हा आपल्याकडं कधी येणार नाही. याचं तोंड मिटलं की खालचा चौथा दात झाकला जातो, आपलीचा बाहेर दिसतो. पण दोघांची राहणी एक. पुस्तकात तिला मगर म्हटलेलं, गाव सुसर म्हणायचं, सर वर्गात मगर म्हणायचे आणि बाहेर सुसर. पुस्तकातलं सगळं त्यांना पाठ, आणि जे पाठ आहे ते स्वतःच्या अंगावर करून बघायचं हे त्यांचं वेड. सुसर पाण्याखाली तोंड उघडून शिकार धरते तरी तिच्या नरड्यात पाणी जात नाही, कारण जिभेच्या मुळाशी पडदा असतो, तो घसा बंद करतो. आता हे वाक्य वाचून शहाणा माणूस पान उलटेल. सरांनी घरी घंगाळभर पाणी घेतलं, त्यात तोंड बुडवलं आणि आ केला. वहिनींनी पाठीत गुद्दे घालून घालून त्यांना शुद्धीवर आणलं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल, आवाज बसलेला, तरी वर्गात सांगतायत, "मुलांनो, माणसाला तो पडदा नसतो. काल खात्री केली."

ही झाली पुस्तकातली सुसर. खरी सुसर घाटापासून हाकेच्या अंतरावर खालच्या डोहात होती. डोहाच्या पलीकडं वाळूचा लांबलचक पट्टा होता, थंडीत सकाळी ऊन पडलं की ती तिथं वर येऊन पडायची. तोंड उघडं टाकून. सर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना अलीकडच्या दरडीवर ओळीनं बसवायचे. बोलायचं नाही, उठायचं नाही. एकदा मीही गेले. तासभर काहीसुद्धा झालं नाही. मग ती उठली, चार पावलं चालली, ते चालणंही बेंगरूळ, आणि पाण्यात शिरली. पाणी हललंसुद्धा नाही. एवढं मोठं जनावर गेलं कुठं ते कळेना. सरांनी माझ्याकडं अशा तोऱ्यानं बघितलं की जसं काही सुसर यांनीच केलीय.

गावाला तिचं कौतुक असायचं कारण नव्हतं. आमच्या बायका तिथंच धुणं धुवायच्या. दुष्काळ नुकता सरला होता, जनावरं आधीच कमी झालेली, आणि त्यात सुसरीनं धनगरवाड्यातलं एक कोकरू ओढलं. लगेच मारुतीच्या देवळापुढं माणसं जमली. गावात एकच बंदूक होती, सुभेदार आप्पांची. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, मिशा पांढऱ्या, बोलण्यात अजून अर्धी हिंदी. आप्पांनी आडदिवशी बंदुकीला हात लावला नसता, पण गाव म्हणतंय तर हुकूम तो हुकूम.

खाडे सर तिथं गेले. चांगला तासभर बोलले. टेबल नव्हतं म्हणून पारावर पालथे पडले नाहीत एवढंच. म्हणाले, ती माणसाच्या मागं लागलेली नाही, ती तिच्या ठिकाणी आहे. धुण्याची जागा वरच्या अंगाला घ्या. जनावरं पाजायच्या ठिकाणी पाण्यात बाभळीचे फास, काटेरी फांद्यांचं कुंपण, गाडू. मी स्वतः येतो. "आता तिनं वाळूत अंडी घातलीत. पिल्लं निघाली की पोरांनी ती डोळ्यांनी बघू देत. ती आई पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेते, दात लागू न देता. एवढं बघा आणि मग मारायची तर मारा." आप्पा बराच वेळ मिशीला पीळ देत बसले. शेवटी त्यांनी गावाला सांगितलं की पिल्लं निघेपर्यंत बंदूक खुंटीवर राहील. लोक कुरकुरले, पण आप्पांपुढं कोण बोलणार?

सरांनी फास गाडले. म्हणजे पोरांनी गाडले, सर तिसऱ्या पायरीवरून सूचना देत होते. धुणं वर गेलं. बायकांनी लांब चालावं लागतं म्हणून सरांना यथेच्छ शिव्या घातल्या, त्या वहिनींनी ऐकून घेतल्या. सगळं नीट चाललं होतं. पिल्लं निघाली असती तर गाव बदललं असतं, असं मला अजून वाटतं. आपली माणसं तशी वाईट नाहीत. लहान जीव बघितला की विरघळतात.

पण वर धरण झाल्यापासून नदीचा स्वभाव बदलला होता. पूर्वी चैत्र-वैशाखात नदी आटायची, वाळू उघडी पडायची. आता उसासाठी मधेच पाणी सोडलं जायचं, आणि भर उन्हाळ्यात नदी वर चढायची. त्या वर्षी पाणी सुटणार असल्याचं कळलं आणि सर धावतच माझ्याकडं आले. मला म्हणाले, बाई, सगळ्या सोयी आहेत हो तिला पाण्यात राहायच्या, पण अंडं पाण्यात गेलं की गुदमरतं. अंड्याला हवा लागते. पाण्यातल्या जनावराचं पोर पाण्यात बुडून मरणार. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तोपर्यंत त्या प्रकरणाकडं सरांचं एक खूळ म्हणूनच बघत होते.

दुपारच्या उन्हात अंडी हलवली. घाटावरच्या बाप्यांनी पत्र्याचे डबे बडवून सुसरीला डोहाच्या खालच्या टोकाला दाबून धरलं. सुभेदार आप्पा बंदूक घेऊन वाळूत उभे, आणि खाडे सर, पोहता न येणारा माणूस, नावेतून पलीकडं गेले. नावेच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून. मागं वहिनी पाटी घेऊन. दोघांनी गुडघ्यांवर बसून हातानं वाळू उकरली. पाटीभर अंडी निघाली, पांढरी, बदकाच्या अंड्यापेक्षा लांबट. वहिनींनी प्रत्येक अंडं पदरानं पुसून पाटीत ठेवलं. चार दिवसांनी तो पट्टा पाण्याखाली गेला.

सरांच्या भाड्याच्या घरामागं परसात वहिनींच्या कोंबड्या असायच्या. तिथंच उन्हाच्या भिंतीशी खड्डा केला, नदीची वाळू भरली, त्यात अंडी ठेवली, वर गोणपाट. आणि इथं जे झालं ते कुणालाच चूक वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडं कोंबडी खुडूक बसवायची तर बायका अंड्यांवर कोळशाची खूण करतात. कोंबडी अंडी फिरवते, न फिरवली तर पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. कोंबडीनं फिरवली की नाही ते खुणेवरून कळतं, नसेल तर बाई फिरवते. हे वहिनींना माहेरापासून ठाऊक आणि सरांना पुस्तकातून ठाऊक, कारण कोंबडीच्या गर्भाचा धडा त्यांनी कितीदा शिकवलेला. घर आणि पुस्तक एकच सांगत होतं. मग शंका कुठून येणार? सरांनी वहिनींना सांगितलं, सकाळ-संध्याकाळ फिरवायची, अजिबात चुकायचं नाही. वहिनींनी प्रत्येक अंड्यावर कोळशानं टिपका काढला आणि रोज सकाळी टिपका वर, संध्याकाळी टिपका खाली. हात धुऊन, कुंकू लावून, देवाचं करावं तसं.

त्यातच वहिनींच्या भावाचं लग्न निघालं. एकुलता एक भाऊ, विट्याकडची बरीच पोरं जातात तसा तोही गलाईच्या धंद्यात मद्रासकडं गेलेला. सोनं गाळायचं दुकान, वर्षावर्षात तोंड दिसायचं नाही. लग्न विट्याला. वहिनी चार दिवस गेल्या. जाताना अंड्यांची जबाबदारी सरांवर टाकली, आणि सर नेमके त्याच दिवसांत परीक्षेचे पेपर तपासायच्या गडबडीत. त्यांच्या हातून अंडी फिरवायची राहून गेली. हे त्यांनी वहिनींना आल्यावर सांगितलंही. वहिनी म्हणाल्या, बघू, देवाची मर्जी. लग्नातला जरीचा खण त्यांनी मला आणून दाखवला. भावानं घेतलेला. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठ संपत आला तरी परसातून काही आवाज नाही. पिल्लं आतून ओरडतात, असं सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोरं गोणपाटाला कान लावून बसायची. शेवटी सरांनी एक अंडं फोडलं. आत अर्धवट झालेलं काहीतरी वाळून कवचाला लागलेलं. दुसरं फोडलं, तेच. मग वास सुटला. वहिनींनी ती सगळी अंडी पाटीत भरून मळ्यात नेऊन पुरली, आणि सर दोन दिवस शाळेत आले नाहीत.

इकडं सुसर वाळूच्या पट्ट्याकडं रोज यायची. पट्टा कुठला, वर पाणीच. त्या पाण्यात नेमकी त्याच जागी येऊन ती पडून राहायची. नुसते नाक आणि डोळे वर. जनावराला काय कळत असेल ते असो, पण मी तिकडं बघायचं टाळून घाट चढायला लागायचे. आणि एक दिवस तिनं फासाच्या पलीकडून रेडकाचा पाय धरला. मग मात्र गाव ऐकेना. पिल्लं निघाली नाहीत, तेव्हा सरांचा शब्द संपला, असं लोकांचं म्हणणं. आप्पांनी तरी बंदूक काढली नाही. पण गावात विहिरीचं काम चालू होतं आणि विहिरीला सुरुंग लागतो. चौघांनी सकाळी डोहात सुरुंग टाकला. ती पोट वर करून तरंगत आली.

त्यांनी तिला दोरानं बांधून गाडीवर घातली आणि थेट शाळेच्या मैदानात आणली. सरांना दाखवायला. त्यात सूडही होता आणि थोडा आदरही, असं मला वाटतं, कारण सुसर म्हणजे खाडे सरांचीच, तिचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं. सगळं गाव लोटलं. कुणी म्हणत होतं, पोट फाडा, आत बाईमाणसांचे दागिने सापडतात. फाडलं. दागिने नाहीत, मूठ दोन मूठ गुळगुळीत दगड निघाले. हेडमास्तर सरांकडं वळून म्हणाले, खाडे, आता आयतं आलंच आहे, तर मुलांना दाखवून टाका.

आणि सरांनी दाखवलं. मला वाटलं होतं निघून जातील. नाही गेले. बाह्या मागं सारून तिच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले. बोटानं तिची तिसरी पापणी ओढून दाखवली. काचेसारखी होती. नाकपुड्यांचं झाकण दाखवलं, कानाची फट दाखवली, मागच्या पायांच्या बोटांमधली कातडी ताणून धरली. शेपटी दोघातिघांना उचलायला लावली आणि म्हणाले, सगळी ताकद इथं. ते दगड हातात घेऊन म्हणाले, पाण्यात खाली राहायला हे वजन उपयोगी पडत असावं. जबड्यावर बारीक ठिपके होते, त्यांना म्हणाले, हे कशाला आहेत ते मला ठाऊक नाही. आवाज अगदी नेहमीचा. फक्त एकदाही 'सोय' म्हणाले नाहीत. शेवटी दोन माणसांनी तिचा जबडा उघडून धरला आणि सरांनी आत हात घातला, जिभेच्या मुळाशी तो पडदा दाखवायला. तिथं थांबले. हात आत, मान खाली. पोरं वाट बघत होती.

मग त्यांनी मान वर केली. कुंपणाशी बायकांच्या घोळक्यात वहिनी उभ्या होत्या. सर सगळ्या गावासमोर, शाळेतली भाषा टाकून, बोलले.

"ही चार दिस भावाच्या लग्नात मिरवत बसली. अंडी फिरवली न्हाईत. म्हणून ही सुसर मेली."

वहिनींना बोलायला खूप होतं. तुम्ही घरात होता, तुम्ही का नाही फिरवलीत, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी तर म्हणणारच होते, पण हेडमास्तरांनी घंटा द्यायला लावली. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, घरी गेले की मिटेल, असं मी स्वतःला सांगितलं. मिटलं नाही. वहिनींनी त्याच आठवड्यात सगळ्या कोंबड्या देऊन टाकल्या. परस सुना झाला. मी गेले की चहा मिळायचा, कपाबरोबर वाक्य मिळायचं नाही.

गावानं त्यातूनही आपली करमणूक शोधली. कुणाची अंडी नासली, कुणाची भाकरी करपली, कुणाचा मळा पाण्यावाचून वाळला की विचारायचं, "का गं, विट्याला गेलतीस काय?" आधी बायकांत चाललं, मग गड्यांत गेलं, मग शाळेतल्या पोरांत. गृहपाठ केला नाही की शेजारचा पोरगा म्हणणार, विट्याला गेला होता वाटतं. वर्ष-दोन वर्षांत ते बोलणं कुठून आलं तेही लोक विसरले. वहिनी विसरल्या नसतील. नळावर उभ्या असताना कानावर पडलं की त्या भरलेली घागर उचलून चालायला लागायच्या.

पुढं चार-पाच वर्षांनी सांगलीला शिक्षकांचं शिबिर होतं. आमच्या शाळेतून खाडे सर आणि मी. तिथं वनखात्यातले एक तरुण साहेब व्याख्यानाला आले. मगरी वाचवायच्या म्हणून सरकारनं आता काम सुरू केलंय, नदीकाठची अंडी गोळा करून पिल्लं वाढवतात, असं सांगत होते. खाडे सर पुढच्या बाकावर. साहेब म्हणाले, अंडं उचलतानाच आम्ही वरच्या बाजूला खूण करतो. सरांनी मान डोलावली. साहेब म्हणाले, म्हणजे ती बाजू शेवटपर्यंत वरच राहते. कोंबडीसारखी ही अंडी फिरवायची नसतात. गर्भ वरच्या कवचाला चिकटूनच वाढतो, फिरवलं की मरतो.

मी सरांच्या मागंच बसले होते. मला त्यांचं तोंड दिसलं नाही, मान तेवढी दिसली. त्यांनी हात वर केला आणि उभे राहून विचारलं, "रोज फिरवली, आणि मधे चार दिवस नाही फिरवली, तर?" साहेबांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, रोज फिरवल्यावर काय राहणार? ती आधीच गेलेली. सर बसले.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. भिलवडी फाटा गेला. मग मीच म्हटलं, सर, घरी गेल्या गेल्या वहिनींना सांगा. आधी पायताण काढू नका, आधी सांगा. म्हणाले, सांगतो. आठवड्यानं विचारलं, सांगितलं का? म्हणाले, सांगतो. दिवाळीला विचारलं, संक्रांतीला विचारलं. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर अर्धा तास बोलणारा माणूस, त्याला घरातल्या घरात एक वाक्य बोलता येईना. मला त्यांचा इतका राग यायचा की एक-दोनदा मीच वहिनींना सांगायला निघाले होते. पण ते माझं सांगणं नव्हतं. ते त्यांनीच सांगायला हवं होतं, आणि लवकर.

त्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, खंडाळ्याकडं. शाळेनं निरोप समारंभ ठेवला. गाव आलं होतं. सरांना शाल-श्रीफळ दिलं, वहिनींची मी ओटी भरली आणि त्या जाऊन बायकांत खाली सतरंजीवर बसल्या. हेडमास्तर बोलले, आप्पा बोलले, मग सर उठले. आभार मानले, पोरांना नीट अभ्यास करा म्हणाले, आणि मग एकदम थांबले.

"एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "सुसरीची अंडी माझ्यामुळं मेली. फिरवा म्हणून मीच सांगितलं होतं. ती फिरवायची नसतात. हिचा काही दोष नव्हता. ही विट्याला गेली होती, तेवढेच चार दिवस ती अंडी..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. विट्याला गेली होती म्हटल्याबरोबर मागच्या पोरांत हशा पिकला. पोरं हसली म्हणून मोठी माणसं हसली. खाडे सर जाता जाता गंमत करतायत असं वाटून टाळ्याही पडल्या. सर हात जोडून उभेच. दोन-तीनदा तोंड उघडलं, पण आवाज चढवून बोलायची त्यांच्यात ताकद राहिली नव्हती. मग हेडमास्तरांनी चहा सांगितला.

मी गर्दीतून वाट काढत वहिनींकडं गेले. त्या ओटीतले तांदूळ पदरात नीट बांधत होत्या. म्हटलं, वहिनी, ऐकलंत ना? ते गंमत नव्हते करत. त्यांना खरंच कळलंय, सांगलीला, माझ्यासमोर.

"ऐकलं की, बाई." गाठ मारून त्यांनी पदर कमरेला खोचला. "एकच भाऊ मला. त्याचं लगीन आटवाय गेलं की ती मेलेली सुसरच म्होरं येती. भाऊ बोलावतो, मी जात न्हाई. आता त्यांनी सांगितलं, बरं झालं. पर माझं ते लगीन कुटनं आणायचं?"

मी सतरंजीवर सांडलेले चार तांदूळ वेचून त्यांच्या हातात दिले.

ती दोघं निघाली तेव्हा मी शाळेच्या फाटकात उभी होते. आमच्याकडं गडी पुढं चालतो आणि बाई मागं, तशीच चालली होती. सर पुढं, खांद्यावर शाल, हातात नारळ. वहिनी दहा-पंधरा पावलं मागं. वळणाच्या लिंबाशी सर थांबले. मागं वळले. वहिनी जवळ येऊ देत, मग बरोबर जाऊ, असं त्यांच्या उभं राहण्यावरून लांबूनसुद्धा कळत होतं. मी मनात म्हणत होते, जा वहिनी, जा.

वहिनीही थांबल्या. होत्या तिथंच. मधला रस्ता मोकळा. सरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि बराच वेळ वाट बघितली. मग ते चालायला लागले, आणि मग वहिनी निघाल्या.